मागच्या बाकावरचं वजन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मला विचार करावा लागत नाही. कौसाबाई. माझी आत्या. ती नसती तर माझ्या नावापुढे पदवी लागली नसती आणि हे चार शब्द लिहायलाही मी बसलो नसतो. तिचं नाव सुरुवातीलाच घेतोय, कारण पुढचं सगळं तिच्याशिवाय सांगता येणार नाही...

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो. पण खरं सांगू? वाचताना मी प्रत्येकाचं उत्तर शोधत बसतो. इथे झोप झाली नव्हती, इथे अंधार होता, इथे माणूस आधीच घाबरलेला होता... मी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी केलं आहे. आमच्या भागातली माणसं सांगायची की उसाच्या फडात चकवा लागतो, माणूस तिथल्या तिथेच फिरत राहतो. मी म्हणायचो, अंगातलं पाणी संपेपर्यंत तोड केलेला माणूस दुसरीकडे जाईल तरी कुठे? त्यामुळे माझ्यावर असं काही लिहायची पाळी येईल असं मला कधीच वाटलं नव्हतं. तरी लिहितोय. तुम्हाला काही सुचलं तर जरूर सांगा.

माझं गाव पाथर्डी तालुक्यात. दिवाळीच्या आसपास निम्मं गाव ऊसतोडीला जातं. या कामात माणूस एकटा मोजत नाहीत. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. मी लहान असताना आई गेली आणि अण्णांचा कोयता अर्धा राहिला. मुकादम घरी येऊन बसला. मला आठवतंय, माझ्याकडे बघूनच म्हणाला, "पोरगं मोळी उचलाया झालंय की आता."

आत्या चुलीपाशी होती. तिला सासरच्यांनी कधीच परत पाठवलं होतं, ती आमच्याकडेच राहायची. हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आली.

"त्येला न्हाई न्यायचं," ती म्हणाली. "म्या येते."

"बहीण-भावाचा कोयता कुठं असतो व्हय?" मुकादम हसला.

"तोडायला हात लागत्यात का नातं लागतंय?"

झालं. आत्या गेली आणि मी गावातच राहिलो. तोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी हंगामापुरतं वसतिगृह चालायचं, तिथे राहून शिकलो. त्यानंतर मी बीएस्सी होईपर्यंत दर हंगामाला आत्याच त्या कोयत्याची दुसरी बाजू होती.

आता एक बारकी गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. सुट्टी लागली की मी तोडीच्या ठिकाणी त्यांच्याकडे जायचो. फडातला ऊस टायरगाडीत भरून बैलांनी कारखान्यावर न्यायचा. भरलेल्या गाडीचा तोल फार महत्त्वाचा. भार मागे गेला तर गाडी उलाळ होते, पुढून वर उचलली जाते. भार पुढे आला तर धुरजड होते, सगळं वजन बैलांच्या मानेवर. उतार लागला की आमची गाडी धुरजड व्हायची. मग आत्या उसाच्या ढिगावरून सरकत अगदी मागच्या टोकाला जाऊन बसायची. अण्णांच्या शेजारी पुढे बसलेल्या मला ती दिसायची नाही. टायरांच्या आवाजात ऐकूही यायची नाही. पण ती मागे बसली की बुडाखालची फळी हलकेच वर यायची, बैलांच्या माना सैल व्हायच्या. तेवढ्यावरून कळायचं — आत्या आहे.

तरी मला भीती वाटायची. ती मागच्या मागे पडली तर? मी सारखा मान वळवायचो, ओरडायचो, "आत्या, बसलीस का गं?"

मग ढिगापलीकडून आवाज यायचा, "बसले की! तू म्होरं बघ. मागचं मी बघते."

असो. बीएस्सीनंतर पुण्यात साउंड रेकॉर्डिंग शिकलो. सध्या तिथेच एका खोलीत राहतो आणि डॉक्युमेंटरींसाठी आवाजाचं काम करतो. अण्णा वारले. आत्याच्या पाठीने हात टेकले, तिची तोड सुटली. आता ती गावात एकटी आणि मी पुण्यात एकटा. तिला कितीदा म्हटलं, ये माझ्याकडे. तिचं ठरलेलं उत्तर — "तू जाशील कामाला. मी तुज्या खोलीत करू काय? भितीशी बोलू?"

खरं तर त्या खोलीत मीही भिंतीशीच बोलतो.

गेल्या हिवाळ्यात भंडारदऱ्याच्या बॅकवॉटरला एका डॉक्युमेंटरीचं काम मिळालं. तिचा विषय एक माणूस आणि त्याची होडी. माणूस म्हणजे वसंतकाका. बँकेतून निवृत्त झाले आणि संगमनेरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडाच्या पट्ट्या जोडून त्यांनी स्वतःच्या हाताने कनू बांधली. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, हलकी होडी. दोन बाक. एक पुढे, एक मागे. आम्ही तळ ठोकला होता मुरशेतच्या बाजूला. तिथे पर्यटकांना तंबू देणारे सोमाभाऊ पहिल्या दिवशी तिच्याभोवती फेरी मारून म्हणाले, "काका, ही होडी हाय का काकडी?" तेव्हापासून आमच्यात तिचं नाव काकडीच पडलं.

काका तसे कमी बोलणारे. पण पाण्यावर गेले की खुलायचे. म्हणायचे, "इंजिन लावून गेलात तर तुम्हाला फक्त उडालेल्या पक्ष्यांच्या पाठी दिसतील. असं गेलात तर ते तुम्हाला पाण्यातला ओंडका समजतात. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी आपल्याला ओंडका समजावं." खरंच तसं व्हायचं. बुडालेल्या झाडाच्या फांदीवर पंख पसरून बसलेला पाणकावळा आम्ही हाताच्या अंतरावर गेलो तरी हलायचा नाही. रतनगड पाण्यात उलटा दिसायचा आणि आम्ही त्याच्या माथ्यावरून जायचो. ज्या जिल्ह्यात टँकरचा हॉर्न ऐकून मी हंडे घेऊन धावलो, त्याच जिल्ह्यात एवढं पाणी नुसतं पडून आहे हे बघून पहिले दोन दिवस मला चक्क राग आला होता. नंतर राग गेला. नंतर मला ते सोडून जावंसं वाटेना.

पुढच्या बाकावर मी, मांडीवर रेकॉर्डर. मागे काका. पुढच्याने फक्त जोर लावायचा, दिशा मागच्याने द्यायची. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मागे वळून बघायचं नाही. तू वळलास की होडी कलंडते. मागे मी आहे एवढं धरून चालायचं."

मला हसू आलं होतं. म्हटलं, "काका, हे मला लहानपणीच शिकवलंय."

एका संध्याकाळी काठावरच्या टेकाडावर चढून, जिथे रेंज येते तिथून, आत्याला फोन लावला.

"काय करायलास?"

"आवाज धरायलोय आत्या."

"आज कशाचा?"

"शांततेचा."

"त्येचा पगार देत्यात व्हय?"

"देतात की."

"मंग माझ्याकडं ये. लई हाय हितं. पोत्यानं भरून ने."

ती हसली, मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

ती शांततेची भानगड सांगतो, कारण त्यापायीच सगळं झालं. कुठल्याही जागेचं शूटिंग संपलं की सगळ्यांना गप्प करून त्या जागेची शांतता रेकॉर्ड करायची असते. नंतर एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधली जागा तिनेच भरतात. आवाज पूर्ण बंद केला तर बघणाऱ्याला आपले कान गेले असं वाटतं. काठाची शांतता माझ्याकडे होती, जंगलाची होती. भर पाण्यातली मात्र मिळत नव्हती, कारण होडीत कायम दोघे असायचो आणि काकांचा श्वास मोठा. शेवटच्या दिवशी सकाळी काकांची कंबर धरली. तंबूतून उठता येईना.

आमच्या दिग्दर्शिका अनघाताई म्हणाल्या, "राहू दे नामदेव. काठावरची वापरू."

पण मला ते पटेना. पाण्याच्या मधोमध जी शांतता असते ती काठावर नसते, हे मला माझ्या कानांनी माहीत होतं. मी एकटाच जाऊन येतो म्हणालो. काकांनी पडल्या पडल्या सांगितलं, "लाइफ जॅकेट घाल. पाणी हललं की परत फिर. आणि एकटा असशील तर पुढच्या बाकावर उलटा बस, तोंड मागच्या टोकाकडे करून. म्हणजे तेच टोक पुढचं होतं आणि तुझं वजन मागे राहतं."

मी हो म्हणालो आणि पुढच्या बाकावर सुलटाच बसलो! रोज तसा बसायचो. हात-पाय आपोआप तिथे गेले, डोक्यात दुसरं काही आलंच नाही. काठावरून अनघाताई बघत होत्या, ड्रोनवाला अभय चहा पीत होता, कुणाच्याही लक्षात आलं नाही. पाणी आरशासारखं होतं, त्यावर विरळ धुकं. होडी पुढून थोडी दबलेली वाटली खरी, पण चालत होती.

बराच आत गेलो. वल्हं आडवं ठेवलं, हेडफोन चढवले, रेकॉर्डर सुरू केला.

तशी शांतता मी परत कधी ऐकली नाही. लांब कुठेतरी टिटवी ओरडली, तेही जणू विचारून. पाण्याचा आवाज नव्हताच. माझ्या कानातलं रक्त मला ऐकू येत होतं. सगळ्यांपासून एवढा लांब मी आयुष्यात कधी नव्हतो. वाटलं, आत्ता मी इथून नाहीसा झालो तर या पाण्याला कळणारसुद्धा नाही. भीती नव्हती ती... फक्त फार एकटं वाटलं. आई गेल्यानंतर वसतिगृहातल्या पहिल्या दिवशी वाटलं होतं तसं.

मग हेडफोनमध्ये आधी एक लांबलचक सुस्कारा आला. रतनगडाच्या बाजूने वारा उतरत होता.

मी हेडफोन काढून गळ्यात टाकले, वल्हं उचललं आणि तंबूंच्या दिशेने वळायला लागलो. होडी वळली, पण लगेच तिचं शेपूट वाऱ्याने ढकललं आणि टोक परत वाऱ्याकडे. पुन्हा वळवली, पुन्हा तेच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी कसा बसलोय. पुढे सगळं माझं वजन, मागचं टोक पाण्यातून उचललेलं, वाऱ्याच्या हातात. धुरजड! आमच्या गाडीसारखी. मागे सरकावं म्हणून अर्धवट उठलो तर होडी अशी डुलली की मटकन खाली बसलो. मला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट होतं हे खरं, पण त्या थंड पाण्यात जॅकेट घालून किती वेळ तरंगणार आणि वारा कुठे नेणार? लाटा आता टोकावरून आत येत होत्या. प्रत्येक लाटेबरोबर ओंजळभर पाणी पायांवर. धुक्यात काठ दिसेनासा झाला. मी ओरडलो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

हात गळून गेले होते. एक मोठी लाट येताना दिसली आणि मी डोळे मिटले.

लाट आत आली नाही.

टोक वर आलं होतं... कसं सांगू? हिसका नाही, धक्का नाही. कुणीतरी मागच्या बाकावर सावकाश बसावं आणि पुढची बाजू हलकेच उचलली जावी, तसं. माझ्या बुडाखालची फळी वर आली. तो अनुभव माझ्या अंगाला पाठ होता. डोक्याच्या आधी अंगाला कळलं.

होडीचं टोक वाऱ्यावरून हटलं, वळलं आणि एका दिशेला स्थिर झालं. मी वल्हवायला लागलो. मी फक्त उजव्या बाजूने वल्हवत होतो, पुढचा माणूस वल्हवतो तसं. आता हे बीएस्सी झालेला माणूस म्हणून सांगतो — एकट्याने फक्त उजवीकडून वल्हवलं तर होडी डावीकडे वळत जाते. माझी होडी सरळ चालली होती. आडव्या वाऱ्यात.

मागे वळून पाहावंसं वाटलं का? खूप वाटलं. मानेची शीर ताणली गेली होती. पण मी वळलो नाही. होडी कलंडेल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की मी बघेन आणि मागे कुणी नसेल, आणि मग खरोखरच कुणी नसेल.

धुक्यातून आधी सोमाभाऊंचा निळा तंबू दिसला, मग माणसं. होडी काठाच्या चिखलात रुतली तेव्हा वळून पाहिलं. मागचा बाक रिकामा. दुसरं वल्हं होडीच्या तळाशी, निघताना मी ठेवलं होतं तिथेच.

काका कंबर धरून, सोमाभाऊंच्या खांद्यावर हात टाकून पाण्यापर्यंत आले होते. पहिलं वाक्य त्यांचंच. "गाढवा, पुढे बसलास?"

अनघाताईंनी माझ्या अंगावर शाल टाकली. त्या रडत होत्या आणि रागावतही होत्या. अभय ड्रोनचा रिमोट हातात धरून उभा होता. मी दिसत नाही म्हटल्यावर त्याने वाऱ्यातच ड्रोन उडवला होता, मला शोधायला. मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. तो जवळ आला आणि हसल्यासारखं करून म्हणाला, "नाम्या, तुझ्या मागे कोण होतं रे?"

"कोण असणार?"

"कुणीच नव्हतं," तो म्हणाला. "तेच विचारतोय."

दुपारी तंबूत आम्ही ते शूटिंग बघितलं. धुक्याच्या फटीतून होडी दिसते. पुढे मी, नारिंगी जॅकेटमध्ये, उजवीकडून वेड्यासारखा वल्हवतोय. मागचा बाक रिकामा. अभयने ड्रोन खाली आणलाय, बाजूने घेतलंय. आणि होडी पाण्यावर समतल आहे. दोन माणसं बसल्यावर जशी असते तशी. उलट मागचा भाग किंचित जास्तच दबलेला.

काकांनी ते तीनदा बघितलं. "आत आलेलं पाणी मागे वाहत गेलं असेल," ते म्हणाले. "पाण्याला वजन असतं. म्हणून तोल साधला."

असेलही. मला हे उत्तर आवडलं, मी सुटकेचा श्वाससुद्धा सोडला. पण सोमाभाऊ म्हणाले, "मी आताच काकडी उपडी केली की. बादलीभर बी पाणी निघालं न्हाई." होडी सरळ कशी चालली याचंही कारण काकांनी सांगितलं — वारा उजवीकडून ढकलत असेल, माझा जोर डावीकडे, दोन्ही एकमेकांना पुरले असतील. हेही असेल. फक्त शूटिंगमध्ये वारा दुसऱ्या बाजूने आहे. धुकं कुठे सरकतंय ते दिसतं त्यात.

मग मला आठवलं की रेकॉर्डर चालूच होता.

मी हेडफोन लावून एकट्यानेच ऐकलं. आवाज हा माझा विषय आहे. मागे कुणी असतं तर माझ्या मशीनमध्ये आलंच असतं... बाकाची करकर, दुसऱ्या वल्ह्याचा थेंब, श्वास. मी अगदी कान देऊन ऐकलं. काही नाही. वारा, लाटा, माझं एकट्याचं वल्हं, माझा श्वास.

आणि एका ठिकाणी माझा आवाज. मी हे बोललोय हे मला आजही आठवत नाही. पुण्यात राहून माझी भाषा बदलली आहे, तुम्ही वाचताच आहात. पण तो आवाज गावाकडचा आहे. मी विचारतो, "आत्या, बसलीस का गं?"

मग नुसतं पाणी. कुणाचं उत्तर येत नाही. एखाद्याने एक वाक्य बोलावं एवढा वेळ जातो.

मग मी म्हणतो, "बरं."

संध्याकाळी टेकाडावर जाऊन आत्याला फोन लावला. यातलं काहीही सांगायचं नाही असं ठरवूनच लावला. ती एकटी राहते, उगाच जिवाला घोर.

"कशी आहेस?"

"हाय बरी. सकाळी जरा गंमतच झाली बग."

"काय झालं?"

"झाडून काढत हुते. एकदम अंग असं हलकं लागाया लागलं... अंगच न्हाई म्हण की. वाऱ्यानं उडून जाईन असं वाटलं. मंग खराटा टाकला आन् वट्यावर खांब धरून बसले. शेजारची म्हणती, आत्याबाई, खांबाला का मिठी मारली? म्हटलं, बाई, माझं वजनच कुठं गेलं कळंना!"

ती हसत होती.

"मग?"

"मंग काय. आलं परत. पर हात निसते भरून आलेत. मोळ्या उचलल्यागत."

तिला रक्तदाबाचा त्रास आहे. एकादशी सोडत नाही, सकाळी पोटात काही नसतं. चक्कर आली असेल. दुसऱ्याच आठवड्यात गावी जाऊन तिला पाथर्डीला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनीही तेच सांगितलं. माझ्याही अंगाने ऐन संकटात जुनी आठवण काढली असेल, आणि ड्रोनचं चित्र कोन चुकल्यामुळे तसं दिसत असेल. प्रत्येक गोष्टीला वेगवेगळं उत्तर आहे. मी तीच शोधणारा माणूस आहे. पण ती सगळी एकाच सकाळी एकत्र का यावीत, याचं उत्तर माझ्याकडे नाही. अजूनही नाही.

फिल्म आता पूर्ण होत आली आहे. अनघाताईंना तो ड्रोनचा शॉट इतका आवडला की त्यांनी शेवटी तोच ठेवला. त्यावर निवेदनात एक वाक्य होतं, निसर्गात माणूस शेवटी एकटा असतो अशा अर्थाचं. आवाजाचं काम करताना मी त्यांना म्हटलं, "ताई, हे वाक्य काढता येईल का?" त्यांनी कारण विचारलं नाही. तिथल्या तिथे ते काढून टाकलं. आता तिथे नुसती ती शांतता आहे, पाण्याच्या मधली.

आत्याला मात्र मी अजून काही सांगितलं नव्हतं. फोनवर जमेना. गेल्या आठवड्यात शेवटी पत्र लिहिलं. ती प्रौढांच्या वर्गात थोडंफार वाचायला शिकली आहे, ठळक अक्षर असलं की बोट ठेवून वाचते. जोडाक्षर आलं की अडते. फक्त ‘आत्या’ तिला येतं. म्हणून मोठ्या अक्षरात, तिला अडायला होणार नाही असे शब्द शोधून लिहिलं. ते तसंच इथे देतो.

आत्या,

मी बरा आहे. तू कशी आहेस? पाठ अजून दुखते का?

तुला एक सांगायचं राहून गेलं. मी डोंगरातलं मोठं पाणी बघायला गेलो होतो ना, तिथं लाकडी होडीतून एकटाच आत गेलो. वारा सुटला. होडी पुढून दबली, उतारावर आपली गाडी दबायची तशी. पाणी आत येऊ लागलं. मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. मी लई भिलो.

मग कुणीतरी मागं बसलं. होडी सरळ झाली. मी मागं वळून पाहिलं नाही. तू सांगायचीस तसं पुढं बघत राहिलो आणि काठाला लागलो. वळून बघितलं तर मागची जागा रिकामी होती.

इथली शिकलेली माणसं मला कारणं सांगतात. मी ऐकून घेतो. तुला मी काही विचारत नाही. फोनवर तू बोललीस तेवढं पुरे.

आत्या, तू इतके दिवस मागं बसलीस. उसाचा ढीग मधे होता. पुढचं काहीच तुला दिसलं नाही. पुढं कायम मीच बसलो.

आता तू ये. खोलीत बसायला नको, पाणी बघायला ये. मी सुटी काढतो. काका होडी देणार आहेत. सकाळी वारा नसतो, पाणी नुसतं गप पडून असतं. डोंगर आत उलटा दिसतो.

तू पुढं बस. मागं वळून बघू नकोस. मागचं मी बघतो.

तुझा
नामा